बंदूक : कायदा केंद्राचा, परवाना जिल्ह्याचा

रेंजवर आपण रायफल हाताळतो. पण कायद्याने बंदूक म्हणजे काय? शस्त्र अधिनियम, १९५९ सांगतो : स्फोटकाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकणारे हत्यार म्हणजे अग्निशस्त्र. हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत असल्याने कायदा संसद करते. परवाना मात्र राज्यातले अधिकारी देतात. आपल्या गोकुलममधल्या माणसाने म्हैसूरच्या पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा.

शेजारच्या कोडगूत कोडव लोक आणि जम्मा जमीनधारक यांना परवान्यातून सूट आहे. आपण खंडेनवमीला शस्त्रे पूजतो, तसे कोडव कैलपोधला बंदुका पूजतात. ही सूट केंद्राने २०२९ पर्यंत वाढवली आहे. पण ती परवान्यापुरतीच, गुन्ह्याला नाही.

एकविसाव्या वर्षाआधी बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणात नियमांनुसार वापरता येते. म्हणूनच रेंजवरची रायफल आपल्या हाती येते, नावावर नाही.