आकाशचिन्हांचा पाया

महापालिकांच्या कायद्यात ‘आकाशचिन्ह’ असा एक शब्द आहे. पुण्यात तर महापालिकेचा एक विभागच ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ या नावाने ओळखला जातो. हे खाते ग्रहनक्षत्रांची नोंद ठेवत असावे, असा एखाद्या नवागताचा समज व्हावा! वस्तुतः त्याचा संबंध रस्तोरस्ती उभ्या असलेल्या जाहिरातफलकांशी आहे. ‘स्काय साइन’ या इंग्रजी संज्ञेचे हे भाषांतर. इमारतींच्या माथ्यावर उभारल्या जाणाऱ्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी लंडनमध्ये १८९१ साली खास कायदा करावा लागला होता. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील ३२८ वे कलम आणि राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातील २४४ वे कलम ही याच विषयाची आहेत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर रस्त्यावरून दिसेल अशी कोणतीही जाहिरात आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून उभारता येणार नाही, असा त्यांचा आशय आहे.

शब्द मनोहर असला तरी विषय मनोहर राहिलेला नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर भागात वादळी वाऱ्याने एक प्रचंड फलक शेजारच्या पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वी १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत किवळे येथे फलक कोसळून पाच जण दगावले. वळवाच्या पावसापासून आडोसा म्हणून ती माणसे त्याच्या आश्रयाला गेली होती. त्याही आधी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुना बाजार चौकात फलकाचा सांगाडा उतरवण्याचे काम चालू असताना तो वाहत्या रस्त्यावर पडला आणि चौघांचा बळी गेला. सहा वर्षांच्या आत, दोनशे किलोमीटरच्या टापूत, २६ माणसे केवळ रस्त्याने जात होती किंवा रस्त्याकाठी थांबली होती म्हणून मेली. यांपैकी कोणीही ती जाहिरात मागितली नव्हती.

अशी दुर्घटना घडली की ‘नियम कडक करा’ अशी मागणी होते आणि सरकारही नवे नियम करण्याचे आश्वासन देते. नियम करण्यात आपण मागे नाही. राज्याने महापालिकांसाठी आकाशचिन्हे व जाहिराती यांच्या नियमनाचे नियम २००३ मध्ये केले होते; २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे व अधिक तपशीलवार नियम आले. घाटकोपरची दुर्घटना त्यानंतरची आहे. तेव्हा प्रश्न नियमांच्या संख्येचा नाही. फलक म्हणजे नेमके काय, हेच आपल्या कारभाराने अद्याप नीट ठरवलेले नाही, हे दुखण्याचे मूळ आहे. कारभाराच्या लेखी फलक म्हणजे एक जाहिरात, म्हणजेच उत्पन्नाची बाब. प्रत्यक्षात तो लोखंडाचा व सिमेंटचा एक उंच बांधीव सांगाडा असतो आणि त्याच्याखालून शहर चालत असते.

जुना कायदा काय सांगतो?

गंमत अशी की जुन्या कायदेकर्त्यांना ही गोष्ट पुरती उमगलेली होती. आकाशचिन्हाच्या व्याख्येत त्यांनी अक्षरे आणि चित्र यांबरोबरच त्यांना आधार देणारे खांब व चौकटही धरली आहे. परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळ देता येत नाही. चिन्हात काही भर घातली, तर परवानगी आपोआप रद्द होते; अपवाद एकच, महापालिकेच्या अभियंत्याच्या निर्देशानुसार मजबुतीसाठी घातलेल्या भरीचा. चिन्हाचा एखादा भाग अपघाताने वा जीर्ण होऊन पडला तरीही परवानगी संपते. ज्या इमारतीवर ते उभे आहे ती पाडली गेली तरीही तेच. ही सारी भाषा जाहिरातीच्या मजकुराची नसून बांधकामाची आहे. मजकुराचाही विचार कायद्याने केला आहेच. सिनेमाचे वा नाटकाचे चित्र असेल, तर ते सभ्यतेला सोडून नाही ना, हे आयुक्तांनी आधी पाहावे अशी तरतूद आहे.

काळाच्या ओघात यातील कागद तेवढा शिल्लक राहिला. परवान्याचे नूतनीकरण म्हणजे शुल्काचा भरणा, आणि ‘स्थैर्य प्रमाणपत्र’ म्हणजे अर्जासोबत जोडावयाच्या कागदांपैकी एक कागद, असे त्याचे रूप झाले. ज्या अभियंत्याने प्रमाणपत्र दिले त्याने पाया उकरून पाहिला काय, जोडांवरचा गंज तपासला काय, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. जुन्या काळी कापडावर वा पत्र्यावर रंगवलेले फलक आकाराने बेताचेच असत. हुसेन यांच्यासारख्या चित्रकाराने उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, ते हातांनी. पुढे प्लॅस्टिकचे फ्लेक्स आले, छपाई यंत्रावर होऊ लागली आणि चित्र कितीही मोठे करण्याला हाताची मर्यादा उरली नाही. वाऱ्याची मर्यादा मात्र होती तिथेच राहिली.

वाऱ्याचे गणित

हे गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयी जे भारतीय मानक आहे, त्यानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरावा लागतो. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर आहे. ४४ मीटर वेगाचा वारा समोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो वजनाइतका दाब देतो. मुंबई महापालिकेने फलकाची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट अशी ठरवली होती. एवढ्या फलकाचे क्षेत्रफळ सुमारे १४९ चौरस मीटर होते, आणि त्यावर वाऱ्याचा भार साडेसतरा टनांच्या घरात जातो. घाटकोपरचा फलक १२० फूट बाय १२० फूट होता. त्याच वाऱ्याचा त्यावरील भार दीडशे टनांहून अधिक भरतो. उंची, भोवतालची मोकळी जागा इत्यादींचे गुणक बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे. अभियंत्याचा आकडा याहून मोठाच येईल.

पण खरी मेख पुढेच आहे. फलक सर्व अंगांनी तिप्पट केला की क्षेत्रफळ नऊपट होते, आणि भार जमिनीपासून तिप्पट उंचीवर काम करू लागल्यामुळे पायाशी त्याला उलथवून टाकणारा जोर सत्तावीसपट होतो. म्हणजे तिप्पट मोठ्या फलकाला तिप्पट मजबूत पाया पुरत नाही. ‘जरा मोठा फलक, थोडे अधिक भाडे’ हा व्यापारी हिशेब आणि वाऱ्याचा हिशेब यांचा मेळ बसत नाही, तो इथे. घाटकोपरच्या फलकाचा पाया दुबळा होता, असे नंतरच्या तांत्रिक तपासणीत दिसून आले. हाच फलक सर्वांत मोठा म्हणून ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्‌स’मध्ये नोंदला गेला होता. मर्यादेचे नऊपट उल्लंघन लपूनछपून झाले नाही. ते शहराच्या हमरस्त्यावर, लक्षावधी लोकांच्या डोळ्यांदेखत आणि विक्रम म्हणून मिरवत उभे होते.

जमीन कोणाची?

मग महापालिकेने ते पाडले का नाही? याचे जे उत्तर मिळाले ते आपल्या कारभाराचा नमुना म्हणून जपून ठेवावे असे आहे. फलक ज्या जागेवर होता ती रेल्वे पोलिसांच्या ताब्यात होती. परवानगी त्यांच्याकडून मिळाली होती. महापालिकेची परवानगी घेतलेली नव्हती. आमच्या जागेवर महापालिकेचे नियम लागू नाहीत, अशी ही भूमिका. पुण्यात जुना बाजार चौकात पडलेला सांगाडाही रेल्वेच्या जागेवरचाच होता. महानगरात रेल्वे, बंदर, परिवहन उपक्रम, रस्ते विकास महामंडळ अशा अनेक सत्ता नांदतात आणि प्रत्येकीच्या जमिनीच्या कडेला शहराचा नियम थांबतो. फलक मात्र पडताना सातबारा पाहून पडत नाही.

१९८९ च्या रेल्वे कायद्यातील १८५ व्या कलमाचा दाखला अशा वादांत दिला जातो. ते कलम रेल्वेच्या जागेवरील जाहिरातींना स्थानिक संस्थांच्या करातून सूट देते. करातून सूट मिळाली म्हणजे सुरक्षिततेच्या नियमांतूनही सूट मिळाली, असा अर्थ त्यातून काढणे तर्काला धरून नाही. घाटकोपरनंतर मुंबई महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन मर्यादेबाहेरचे फलक उतरवण्याच्या नोटिसा रेल्वेलाही बजावल्या. म्हणजे अधिकार मुळीच नव्हता असे म्हणता येत नाही. तो आठवायला १७ मृत्यू लागले.

उत्पन्नाचा मोह आणि शुभेच्छांचा पूर

महापालिकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जकात गेली. वस्तू व सेवा कर आणताना राज्यघटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने राज्यसूचीतील ५५ वी नोंद वगळली गेली, आणि १ जुलै २०१७ पासून जाहिरातींवरील करही त्या नव्या करात विलीन झाला. फलकांपासून महापालिकेला मिळणारे जे उरले ते परवाना शुल्क. रिकाम्या तिजोरीला या शुल्काचा मोह पडावा यात नवल नाही. पण कर आणि शुल्क यांत भेद आहे. कर सर्वसाधारण राज्यकारभारासाठी घेतला जातो. परवाना शुल्काचे समर्थन नियमनाच्या कामावर उभे असते. जी महापालिका फलकाचे शुल्क घेते, तिने त्या फलकाची तपासणी करण्याचे दायित्वही पत्करलेले असते. पैसे जमा करून घ्यायचे आणि तपासणी मालकाने आणलेल्या कागदावर सोडायची, याला नियमन म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. व्यापारी फलक निदान अर्ज तरी करतात. वाढदिवस, निवड, आगमन आणि सण यांच्या शुभेच्छांचे जे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात, त्यांतील कित्येकांना परवानगीची आठवणही होत नाही. त्यांवर ज्यांची छायाचित्रे असतात तेच महापालिकेच्या सभागृहात बसतात किंवा बसू इच्छितात. ‘भावी नगरसेवक’ ही पदवी तर या फ्लेक्सनीच मराठीला दिली आहे. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५ पासून अस्तित्वात आहे आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये एका जनहित याचिकेवर निकाल देताना बेकायदा फलकांवर कारवाई करण्याचे आणि तक्रारींसाठी यंत्रणा उभारण्याचे सविस्तर आदेश दिले. तरीही चौक पुन्हा भरतात. ज्याच्या साहेबांचा फ्लेक्स विजेच्या खांबाला बांधलेला आहे, त्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने तो सोडवावा अशी अपेक्षा आपण करतो आणि वर त्यालाच निष्क्रिय म्हणतो. कुंपणानेच शेत खायला सुरुवात केल्यावर राखणदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. शिवाय लहान फलक मोकाट सुटले की मोठ्यांना अडवण्याचे नैतिक बळही उरत नाही.

उपाय अवघड नाहीत

ब्राझीलमधील साओ पावलो शहराने २००७ पासून रस्त्यांवरील जाहिरातफलकांवर जवळजवळ सरसकट बंदी आणली. आपण तेवढ्या टोकाला जावे असे नाही. छोट्या दुकानदाराला पाटी हवी, नाटकाला जाहिरात हवी, आणि हजारोंची रोजीरोटीही या धंद्यावर चालते. पण चार गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. पहिली, जमीन कोणाचीही असो, शहराच्या हद्दीतील प्रत्येक फलकाच्या बांधणीवर एकाच यंत्रणेचा अधिकार असावा. भाडे ज्याचे त्याने घ्यावे. दुसरी, फलकाची परवानगी देताना व तिचे नूतनीकरण करताना महापालिकेच्या बांधकाम अभियंत्याची सही परवाना खात्याच्या सहीआधी असावी आणि प्रमाणपत्र देणारा अभियंता त्याला व्यक्तिशः जबाबदार राहावा. तिसरी, परवान्याचा क्रमांक, मान्य आकार आणि मुदत संपण्याची तारीख फलकाच्या पायथ्याशी, माणसाच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेली असावी, आणि त्या क्रमांकाची नोंद कोणाही नागरिकाला पाहता यावी. असा क्रमांक लिहिण्याची अट जिथे आहे तिथेही तो अनेकदा चाळीस फुटांवर, वाचता न येईल अशा अक्षरांत असतो. चौथी, सर्व पक्षांनी आपल्या नेत्यांचे विनापरवाना फ्लेक्स स्वतः उतरवावेत. ते न उतरल्यास दंड ज्याचे छायाचित्र आहे त्याच्याकडून वसूल व्हावा.

यांतील तिसऱ्या गोष्टीकडे नागरिकांनी विशेष लक्ष द्यावे. शिक्षक, कारकून, विद्यार्थी ही या शहरांतली पायी आणि बसने फिरणारी माणसे आहेत. बसथांब्यावर तीच उभी असतात, आणि पाऊस आला की आडोसाही तीच शोधतात. आपल्या रोजच्या वाटेवरील फलक कोणाचा आहे, त्याची मुदत संपली काय, हे विचारण्याचा त्यांना पुरता अधिकार आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठी हाताशी आहे. वळवाचे वारे दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत येतात, हे महापालिकेला नव्याने कळवावे लागत नाही. म्हणून दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक फलकाची पाहणी पूर्ण होऊन तिचा अहवाल प्रभागवार प्रसिद्ध झाला पाहिजे, एवढी एकच मागणी नागरिकांनी लावून धरली, तरी पुढच्या उन्हाळ्यात फलकाखाली उभे राहणाऱ्या माणसाची सुरक्षितता दैवावर सोडावी लागणार नाही.