संध्याकाळची कॉफी आणि रात्रीची झोप

चहाला मराठी माणूस वेळकाळ पाहत नाही. कॉफीची गोष्ट निराळी. आमच्या लहानपणी घरात कॉफी होई ती एकादशीला, नाहीतर चहा न घेणारे पाहुणे आले म्हणजे. दुधात उकळलेली, वेलदोडा आणि जायफळ घातलेली ती कॉफी म्हणजे जवळजवळ पक्वान्नच! आता काळ पालटला आहे. १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले आणि पुढे ती हवा गावोगाव पसरली. बारामतीसारख्या गावातही महाविद्यालयांच्या आसपास कॉफीची दुकाने दिसू लागली. संध्याकाळी सहा वाजले की तिथे तरुण मंडळी जमतात. आमच्यासारखे चाळिशी ओलांडलेले मास्तरही कोपऱ्यातले एखादे टेबल धरून बसतात.

अशाच आमच्या एका बैठकीत एक निवृत्त सहकारी नेमाने येत. वय अडुसष्ट. मोरोपंतांच्या आर्यांवर बोलू लागले म्हणजे ऐकणाऱ्याने घड्याळ विसरावे. गेल्या वर्षी त्यांना छातीत धडधडण्याचा त्रास सुरू झाला, झोपही उडाली. डॉक्टरांनी सांगितले, “दुपारनंतर चहा-कॉफी बंद.” त्यांनी चहा-कॉफी सोडली आणि तिच्याबरोबर बैठकही सोडली. मी बोलवायला गेलो तेव्हा म्हणाले, “अहो, तुम्ही सगळे पिणार आणि मी पाण्याचा पेला पुढे घेऊन बसणार? दुकानदारालाही बरे वाटायचे नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते. संध्याकाळी बाहेर चार माणसांत बसायचे तर टेबलावर काहीतरी मागवावे लागते. ज्याला ते चालत नाही त्याची केवळ कॉफी जात नाही, तर त्याची माणसेही जातात. म्हणून मी त्याच दुकानात जाऊन विचारले, “डिकॅफ कॉफी मिळेल का?” गल्ल्यावरचा मुलगा आमचाच माजी विद्यार्थी निघाला. त्याला तो एखादा नवा स्वाद वाटला. “सर, हेझलनट आहे, कॅरामल आहे. डिकॅफ अजून आलेला नाही.” मी अर्थ समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला, “मग सर, दूध जास्त घालून देतो!”

वाचकहो, पुष्कळांची समजूत अशीच असते, म्हणून येथे थोडा खुलासा करतो. दूध जास्त घातल्याने कॉफी सौम्य लागते, पण पेल्यात पडलेले कॅफिन तेवढेच राहते. बर्फ घातल्याने ते कमी होत नाही आणि जायफळानेही नाही. साधारण एक मोठा पेला कॉफीत ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफिन असते आणि तेवढ्याच चहात ३० ते ५०. शरीरातले निम्मे कॅफिन निघून जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे सहा वाजता १०० मिलिग्रॅम पोटात गेले तर रात्री अकराला ५० शिल्लकच असते; अंथरुणावर पडताना अर्धा पेला कॉफी घ्यावी तसे! दिवसभराच्या श्रमाने मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याने पेंग येते. कॅफिन नेमके त्याचीच जागा अडवून बसते. काहींच्या शरीरातून ते लवकर जाते, काहींच्या उशिरा. म्हणून एकजण रात्री दहाला कॉफी घेऊन घोरतो, तर दुसरा पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहतो. गरोदर स्त्रियांच्या शरीरात तर ते फारच रेंगाळते. त्यांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे सांगतात.

हे द्रव्य सापडले त्याची कथा मौजेची आहे. आमच्या बारामतीत मोरोपंत १७९४ साली निवर्तले. त्याच साली जर्मनीत फ्रिडलीब रुंग नावाचा मुलगा जन्मला. पुढे हा रसायनशास्त्रज्ञ झाला. महाकवी गटे याने त्याच्या हाती कॉफीचे दाणे ठेवले आणि यात काय आहे ते शोध म्हणून सांगितले. १८१९ च्या सुमारास त्याने त्यातून कॅफिन वेगळे काढले. एका कवीच्या कुतूहलातून हा शोध लागावा, याचे आम्हां भाषेच्या मास्तरांना थोडे कौतुक वाटतेच!

कॉफी तीच ठेवून कॅफिन तेवढे काढण्याचा धंदा जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने १९०६ साली उभा केला. समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या दाण्यांवरून त्याला ही युक्ती सुचली असे सांगतात. त्याने कच्चे दाणे वाफवून बेंझिनने धुतले. बेंझिन घातक, म्हणून ती रीत मागे पडली. पुढे दुसरी द्रावणे आली, नुसत्या पाण्याची रीत आली आणि दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडचीही आली. कोणत्याही रीतीत कॅफिन काढतात ते कच्च्या हिरव्या दाण्यातून, भाजणे त्यानंतर. अमेरिकेत निदान ९७ टक्के कॅफिन काढण्याचा प्रघात आहे. म्हणजे डिकॅफमध्ये ते अगदी शून्य नसते, पण पेल्यामागे थोडेच मिलिग्रॅम उरते.

यातली एक रीत आमच्या मुलखाला जवळची वाटावी अशी आहे. कोलंबिया देशात उसापासून अल्कोहोल, त्यापासून इथाइल ॲसिटेट आणि त्याने कॉफीचे दाणे धुणे, असा क्रम आहे. तिथली ही डिकॅफ उसाच्या नावानेच विकली जाते. आता बारामती आणि इंदापूर म्हणजे नीरेच्या कालव्यावरचा ऊसपट्टा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी कारखान्यांची रांगच येथे आहे. मळीपासून अल्कोहोल काढणे येथे नवे नाही. बारामती तालुक्यातल्या निंबूतला तर अल्कोहोलपासून पुढची रसायने करणारा कारखानाही आहे. कोलंबियातला ऊस तिथल्या म्हाताऱ्यांना झोप मिळवून देतो आणि आमचा ऊस मात्र आमच्या चहात पडून आम्हांला जागे ठेवतो!

जागे राहण्याचीही गरज असते, हे कबूल. इंदापूरला पुणे-सोलापूर महामार्गावर रात्री अकरा वाजता उभे राहून पाहा. मालमोटारींचे चालक कडक चहा घेऊन पुढे निघतात. त्यांची झोप उडणे हे त्यांच्या आणि इतरांच्या जिवासाठी बरेच. रात्री वीज येते म्हणून उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरीही कपभर चहा घेऊनच बांधावर जातो. त्यांना डिकॅफचा उपदेश करणारा शहाणा म्हणायचा नाही. पण संध्याकाळी घटकाभर बोलायला आलेल्या निवृत्ताला रात्रभर जागवण्यात कोणाचा फायदा?

दुकानदाराची अडचण मी ऐकून घेतली. डिकॅफचे दाणे वेगळे, महाग. त्यांच्यासाठी दळण्याचे यंत्र वेगळे हवे. गिऱ्हाईक तुरळक, तोवर उघडलेली पिशवी शिळी होते. हे सारे पटण्यासारखे आहे. पण त्यावर साधा उपाय आहे. दाणे नकोतच. पाण्यात विरघळणारी डिकॅफ पूड बाटलीत मिळते. एक बाटली फळीवर ठेवली की झाले. यंत्र नको, दळण नको. तेही जमले नाही तर निव्वळ चिकोरीची पूड आहे. ती एका मुळापासून करतात आणि तिच्यात कॅफिन मुळीच नसते. दक्षिणी फिल्टर कॉफीत ती मिसळतातच. आणि मसाला दूध तर कोजागरीपुरतेच कशाला राखून ठेवायचे?

आमच्या त्या विद्यार्थ्याने मालकाला विचारून एक बाटली आणवली आहे. पहिल्या दिवशी सहकाऱ्यांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “चव किंचित पातळ आहे खरी, पण जायफळ घातले तर चालेल.” नंतर ते केकावलीवर पाऊण तास बोलले. मालक म्हणतो, आता आणखी दोन-तीन गिऱ्हाइके संध्याकाळी त्याच बाटलीची चौकशी करतात.

दिवाळीत घरोघर फराळाला संध्याकाळीच मंडळी येतात. चकलीबरोबर कॉफीचा पेला पुढे करण्याआधी वडीलधाऱ्यांना हळूच विचारावे, “रात्री चालेल ना?” संकोचाने ‘चालेल’ म्हणून रात्रभर जागणारे लोक आपल्याकडे फार आहेत. त्यांच्यासाठी फडताळात एक निराळी बाटली असू द्यावी.