अंटार्क्टिकावर वर्षाला किती हिम साचतं?

पावसाचं मोजमाप पर्जन्यमापकात होतं, पण अंटार्क्टिकावर ते जमत नाही. तिथला वारा जुनं हिम उडवून भांड्यात भरतो आणि नवं पडणारं उडवून नेतो. म्हणून संशोधक बर्फात बांबूच्या काठ्या रोवतात आणि वर्षभरानं त्यांची किती उंची बुजली ते बघतात. मात्र वाऱ्यानं कोरलेल्या लाटांमुळे शेजारशेजारच्या काठ्याही वेगळे आकडे देतात, त्यामुळे एकीवर विसंबून चालत नाही. शिवाय भुसभुशीत हिमाची घनताही मोजावी लागते. खरा हिशोब पाण्याचा असतो.

मागची दशकं वाचायला हिमगाभे, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेले लांब दंडगोल, लागतात. यातली युक्ती तर थक्क करणारी! अणुचाचण्यांतली किरणोत्सारी धूळ 1965च्या सुमाराच्या थरात सापडते. तंबोरा ज्वालामुखीच्या 1815च्या उद्रेकाचं सल्फेट त्याहून खोल. वर्ष पक्कं झालं की वरचं साचलेलं हिम भागिले वर्षं.

असेच हिमगाभे गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात, अतिथंड प्रयोगशाळेत अभ्यासले जातात.

पण गाभा म्हणजे एक ठिपका, आणि खंड सुमारे 1.4 कोटी चौरस किलोमीटरचा. दोन ठिपक्यांमधले थर रडार जोडतं. 2018पासून आइससॅट-2 उपग्रह लेसरनं पृष्ठभागाची उंची मोजतो. उरलेली जागा हवामान-प्रारूपं भरतात. सरासरीत पाण्याच्या एका सेंटीमीटरची चूक झाली, तरी हिशोब 140 अब्ज टनांनी हुकतो.