‘कसंतरीच होऊन राह्यलं’ म्हणजे नेमकं काय? अस्वस्थ वाटण्याचे शब्द आणि त्यांच्या आड लपणारी लक्षणं

‘मले कसंतरीच होऊन राह्यलं.’ वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजात (तालुका मालेगाव, पण नाशिकचं नव्हे) किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात हे वाक्य सहज कानावर पडतं. प्रमाण मराठीत याला आपण ‘अस्वस्थ वाटतंय’ म्हणू. पण दोन्ही तंतोतंत सारखे नाहीत.

‘अस्वस्थ’ संस्कृतातून आला. आपल्या ठिकाणी स्थिर असलेला तो स्वस्थ. तसा नसलेला अस्वस्थ. तब्येत बिघडली तरी हाच शब्द, एखादी बातमी वाचून मन ढवळलं तरी हाच. ‘बेचैन’ मात्र मनाकडे जास्त झुकतो. त्यातला ‘बे’ फारसी, बेकार-बेहोशमधला. गंमत म्हणजे मराठीत ‘चैन’ म्हणजे मौजमजा झाली, तरी ‘चैन पडत नाही’मध्ये ‘स्वस्थता’ हा अर्थ टिकून आहे.

बाकी मराठी या बाबतीत श्रीमंतच. निकालाआधी धाकधूक, माणूस दूर गेला की हुरहूर, राहून गेलेल्या गोष्टीची रुखरुख, निर्णय होईना की घालमेल.

‘कसंतरी’ यातलं काहीच सांगत नाही. मळमळ, चक्कर, धडधड, भीती, सगळं त्यात मावतं. घरात ते चालून जातं, दवाखान्यात अडचण होते. ‘जीव घाबरते’चंही तसंच. वऱ्हाडात बोलणाऱ्याला बहुतेकदा छातीतली धडधड किंवा कासावीस होणं सांगायचं असतं. बाहेरून आलेला डॉक्टर त्याचा अर्थ ‘भीती वाटते’ असा घेऊ शकतो.

हा फरक जिवावर बेतू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येकाच्या छातीत जोरात दुखतंच असं नाही. विशेषतः महिला, वयस्कर आणि मधुमेही रुग्णांमध्ये घाम, दम लागणं, मळमळ, थकवा एवढंच दिसू शकतं. म्हणजे तेच, ‘कसंतरी’. साखर एकदम कमी झाली तर घामासोबत हातपाय थरथरतात, भूक लागते.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक शक्यता असते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशकाच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी करून आलेल्या माणसाला मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक असं होत असेल, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झोपवू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत घेऊन दवाखाना गाठा.

१०८ ला फोन केलात तर ‘कसंतरी होते’ म्हणा, पण तिथेच थांबू नका. कधीपासून, नेमकं कुठे, घाम आहे का, श्वास लागतो का, शुगर-बीपी आहे का, आज फवारणी केली का, हेही सांगा. आणि अस्वस्थता मनाचीच असेल, दिवसेंदिवस जात नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.