काळ्या पडद्यावरची संदर्भसूची

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने कांट सोडून कॉम्प्युटर कधीपासून धरला? शंका रास्त आहे. तिचं उत्तर दोन खोक्यांत आहे.

पहिलं खोकं बुटांचं. आमच्या पीएच.डी.च्या काळात संदर्भ कार्डावर लिहायचे: लेखक, ग्रंथ, प्रकाशक, साल, पान आणि खाली बारीक अक्षरात टिपण. ती कार्डं आजही वाचता येतात. कडा वाळवीने थोड्या कुरतडल्या आहेत, एवढंच. दुसरं खोकं आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या घरून आलं, त्यात त्यांचा कॉम्प्युटर होता. गृहस्थ आमच्याहून आधुनिक. न्यायदर्शनावरचे वीसेक वर्षांचे संदर्भ आणि टिपणं त्यांनी एका विकतच्या प्रोग्रॅममध्ये भरून ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, "यातून त्यांचं पुस्तक होईल का, तेवढं बघा." फाईल होती, पण उघडेना. तो प्रोग्रॅम केव्हाच बंद पडला होता आणि त्याने फाईल अशा रूपात साठवली होती की दुसऱ्या कुणाला ती वाचता येऊ नये. महिनाभर खटपट केल्यावर लेखकांची नावं आणि शीर्षकं तुकड्यातुकड्यांनी निघाली. टिपणं निघाली नाहीत. वहिनींना हे सांगायला आम्हालाच जावं लागलं.

तेव्हापासून आमचा एक हट्ट आहे: संदर्भ साध्या मजकुराच्या फाईलमध्येच ठेवायचे, म्हणजे कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडेल अशा. असा साचा आयता उपलब्ध आहे. त्याचं नाव बिबटेक. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेला जोड म्हणून ओरेन पटाश्निक यांनी तो १९८५ मध्ये तयार केला. त्या वेळच्या फाईली आजही उघडतात. एका ग्रंथाची एक नोंद; नोंदीला एक खूणनाव, उदाहरणार्थ 'काणे-१९३०'; आणि पुढे महिरपी कंसांत लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक. कार्डच की ते! फक्त रकान्यांची नावं रोमन लिपीत टंकायची. लेखात 'काणे-१९३०' एवढं लिहिलं, की पूर्ण तपशील यंत्र शोधून आणतं. म. म. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ असा बत्तीस वर्षांत, पाच खंडांत निघाला. त्यातला कोणता खंड, कोणतं साल, हे दर तळटीपेत हाताने लिहिणाऱ्याची चूक व्हायचीच. आमची झालेली आहे.

आता तो काळा पडदा, म्हणजे टर्मिनल. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचं. सगळ्यात उपयोगी आज्ञा ग्रेप. केन थॉम्प्सन यांनी ती १९७३ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लिहिली. दिलेला शब्द फाईलमध्ये ज्या ज्या ओळीत असेल, ती ओळ ती समोर ठेवते. 'पुढच्या आठ ओळीही दाखव' असं सांगितलं, की जवळपास अख्खी नोंद दिसते. हजारो नोंदींत याला डोळ्याचं पातं लवेपर्यंतही वेळ लागत नाही.

पण मराठीत इथेच खरी मौज आहे. आमच्या विषयाचंच नाव घ्या. कुणी 'तत्त्वज्ञान' लिहितो, कुणी 'तत्वज्ञान'. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दोन्ही रूपं आहेत, आणि मुखपृष्ठावर जसं आहे तसंच नोंदवायचं हा सूचीकाराचा धर्म. म्हणजे एक रूप शोधलं की दुसरं निसटतं. यावर उपाय विकल्पाच्या चिन्हाचा: 'तत्(त्)?वज्ञान'. कंसातला 'त्' असला तरी चालेल, नसला तरी चालेल. (ग्रेपला विस्तारित रूप वापर, असं आधी सांगावं लागतं.) पाणिनी सूत्रात 'वा' घालतो, तशातलाच हा प्रकार म्हणा ना.

याहून अवघड म्हणजे 'ऱ्हास'. यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला वेगळे. 'ऱ्हास' समोर दिसतो आहे आणि यंत्र म्हणतं, नाही. एका विद्यार्थिनीची संध्याकाळ यात गेली. नोंदी एकाच कीबोर्डवरून टंकाव्यात, हे आम्ही तेव्हा शिकलो.

आणि नावं! स्वल्पविराम नसेल तर बिबटेक शेवटचा शब्द आडनाव समजतं. लेखक म्हणून 'भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर' असं लिहा, सूचीत श्री. मंदिर अवतरतात. अशा नावाला महिरपी कंसांची दुसरी जोडी घालावी लागते. मे. पुं. रेगे मराठीत 'रेगे' आणि इंग्रजी लेखनात रोमन अक्षरांत. यंत्राच्या लेखी ही दोन माणसं. म्हणून आम्ही दोन्ही नोंदींच्या खूणनावाची सुरुवात सारखीच ठेवतो. काही इंग्रजी शैलींमध्ये लेखाच्या शीर्षकातला कांटसुद्धा लहान अक्षराने सुरू होतो. त्यालाही कंसाचं संरक्षण लागतं. देवनागरीसाठी मूळ बिबटेकपेक्षा बिबलाटेक आणि बिबर ही नवी जोडी बरी. १९८५ मध्ये युनिकोड नव्हतं, हा काही पटाश्निकांचा दोष नव्हे.

लाटेक नको असेल तर पॅनडॉक आहे. साध्या लेखातून, संदर्भांसकट, वर्डची फाईल करून देतं, आणि संदर्भांची शैली बदलायला एक शब्द बदलावा लागतो. ते लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. आमच्या कुळातले! हे कळल्यावर आम्ही उगाचच दोन दिवस ताठ मानेने फिरलो.

परदेशी लेखांना बहुधा डीओआय क्रमांक असतो. कर्ल या आज्ञेने तो क्रमांक पाठवून 'बिबटेकच्या रूपात दे' म्हटलं, की तयार नोंद येते. ती तपासून घ्यायची. संपादकाचं नाव बऱ्याचदा गळलेलं असतं. जुन्या मराठी पुस्तकांना असा क्रमांक नसतो, ती हातानेच उतरवायची.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. आम्ही एकदा नोंदी अकारविल्हे लावून निकाल त्याच फाईलमध्ये परत लिहायला सांगितला. टर्मिनल आज्ञाधारक, आधी ती फाईल रिकामी करतं, मग वाचायला जातं. क्षणात शून्य ओळी. अंगाला घाम फुटला. वाचलो ते गिटमुळे. लिनस टोरवाल्ड्स यांचं हे साधन फाईलच्या नोंदवलेल्या सगळ्या जुन्या अवस्था जपतं. आदल्या रात्रीची अवस्था परत मागितली आणि मिळाली. निकाल नेहमी नव्या नावाच्या फाईलमध्ये घ्या, आणि दिवस संपताना गिटमध्ये नोंद करा.

सहकाऱ्यांच्या फाईलमधून निघालेली नावं आणि शीर्षकं आम्ही याच साच्यात उतरवली आहेत. प्रत्येक नोंदीच्या टिपणाच्या रकान्यात 'सापडले नाही' असं लिहिलं आहे. त्यांचे जुने विद्यार्थी आता आपापल्या वर्गातल्या वह्या पाठवतात. एखादं टिपण जुळलं, की ते शब्द काढून तिथे ते टिपण घालतो. ग्रेपला 'सापडले नाही' किती ओळींत आहे ते मोजायला सांगितलं, की एक आकडा येतो. वहिनी दर महिन्याला फोन करून तो विचारतात. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात तो चारने कमी आहे.