कमोडोर ६४ ला कुठला पॉवर सप्लाय लावायचा?

कमोडोर ६४, म्हणजे कीबोर्डातच सगळं बसवलेला १९८२ सालचा कॉम्प्युटर. सेकंडहँड मिळाला की सोबतचा जुना पॉवर सप्लाय लगेच जोडू नका. चालू आहे असं विकणारा सांगत असला तरी.

का ते सांगतो. त्या विटेएवढ्या डब्यातून दोन गोष्टी बाहेर येतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. ५ व्होल्ट सांभाळणारा रेग्युलेटर आत इपॉक्सीत गाडलेला. उष्णता कोंडते, उघडून दुरुस्त करणंही अवघड. आणि तो बिघडला की व्होल्टेज कमी होण्याऐवजी बऱ्याचदा वाढतं! ही लाइन थेट रॅमच्या चिप्सना जाते. मशीनमधला फ्यूज ९ व्होल्टच्या लाइनवर आहे, इथे तो काही वाचवत नाही.

मल्टिमीटरवर आज ५.१ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, गरम झाल्यावर आकडा चढू शकतो. ५.२५ च्या वर गेला की काढूनच टाका.

मग मोबाइलचा चार्जर? अहो, त्यात ९ व्होल्ट एसी कुठेय? जुन्या सिड साउंड चिपला लागणारे १२ व्होल्ट त्यातूनच बनतात. ९ व्होल्टचा डीसी अडॅप्टरही चालणार नाही.

नवा घेताना ५ व्होल्टवर निदान २ अँपिअर, ९ व्होल्ट एसीवर १ अँपिअर आणि ओव्हरव्होल्टेज कटऑफ बघा. अमेरिकेतून मागवत असाल तर इनपुट २३० व्होल्टचं आहे ना, हेही विचारा. जुनाच वापरायची हौस असेल, तर मधे ‘सेव्हर’ सर्किट लावा. व्होल्टेज चढलं की ते ५ व्होल्टची लाइन तोडतं.