फोटोतला रंग आणि गाठोड्यातला रंग

गिऱ्हाईक दुकानात आले की आपण थान उचलून दारात नेतो आणि उजेडात रंग दाखवतो. दिव्याखाली पाहिलेला रंग बाहेर बदलतो, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. पण आता बराचसा सौदा मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवरच होतो. तिथे गिऱ्हाईकाला दारात नेता येत नाही. फोटो दाखवील तोच रंग तो खरा मानतो.

२०२३ च्या रमजानमध्ये मला याचा फटका बसला. उन्नाबी रंगाच्या ४० ओढण्यांचा फोटो बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला पाठवला. फोटोत रंग जांभळट दिसत होता, त्याने जांभळा समजून माल मागवला. गाठोडे उघडले आणि त्याचा फोन आला, "भाई, हा माल तो नव्हे." माझी नियत साफ होती, पण त्याचा ईदचा हंगाम हुकला. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. मी माल परत घेतला, दोन्हीकडचे भाडेही भरले. मग चूक कुठे झाली ते शोधू लागलो.

कॅमेरा कुठे फसतो?

पिवळ्या बल्बखालीही आपल्याला पांढरे कापड पांढरेच वाटते, कारण डोळा आणि मेंदू आपोआप हिशोब जुळवतात. कॅमेऱ्याला हा हिशोब करून द्यावा लागतो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे २७०० ते २८०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, तर सावलीतला ७००० किंवा त्याहून जास्त. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होतो.

कॅमेरा 'ऑटो'वर असला की समोरचे दृश्य पाहून तो उजेडाचा अंदाज बांधतो. दृश्यात अनेक रंग असतील तर हा अंदाज बहुधा जमतो. पण चौकटभर एकाच रंगाचे कापड असेल तर तो गोंधळतो. कापडाची लाली उजेडाचीच आहे असे समजून तो लाल रंग कमी करतो. माझ्या उन्नाबी ओढण्यांचे नेमके हेच झाले.

उपाय काय?

उपाय असा की, ज्या उजेडात माल ठेवला आहे त्याच उजेडात कॅमेऱ्याला आधी एक बिनरंगी वस्तू दाखवायची. बाजारात यासाठी करडे कार्ड मिळते, त्याला ग्रे कार्ड म्हणतात. दुकानाला एक कार्ड पुरते. ते मळू देऊ नये, उन्हात पडू देऊ नये.

घरगुती साधन करायचे तर साधा पांढरा कागद घेऊ नका. कापडाला जसे टिनोपाल देतात तशीच चमक आणणारी रसायने बहुतेक कागदांत असतात. उन्हात ती निळसर चमकतात, कॅमेरा तो निळेपणा काढायला जातो आणि फोटो पिवळट येतो. टिनोपाल दिलेले पांढरे कापडही याच कारणाने चालत नाही. त्याऐवजी नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ती थरावर थर गुंडाळा, पुठ्ठा आतून दिसता कामा नये. असा पांढरा रंग बराच निर्भेळ असतो.

आता कृती. कार्ड मालाच्या जागी ठेवा, चौकट कार्डाने भरा आणि फोटो घ्या. कार्ड फोटोत अगदी पांढरेफटक होऊ देऊ नका, कारण मग त्यात रंगाची माहितीच उरत नाही. कॅननच्या कॅमेऱ्यात मेन्यूमधील 'कस्टम व्हाइट बॅलन्स'मध्ये हा फोटो निवडतात, मग व्हाइट बॅलन्स 'कस्टम'वर ठेवतात. निकॉनमध्ये 'प्रीसेट मॅन्युअल' निवडून कार्डाचे माप घेतात. मोबाईलमध्ये 'प्रो' मोड असेल तर केल्विनचा आकडा हाताने ठरवून सर्व फोटोंना तोच ठेवावा. तो नसेल तर कार्ड मालाशेजारी ठेवून फोटो काढावा. स्नॅपसीड या मोफत अॅपमध्ये 'व्हाइट बॅलन्स'मधील रंग उचलणारी खूण कार्डावर ठेवली की रंग जागेवर येतो. कार्ड नंतर कापून टाकता येते.

जागा किंवा उजेड बदलला की कार्ड पुन्हा दाखवावे. खिडकीचा उजेड आणि दुकानातला दिवा एकत्र येऊ देऊ नये, कारण दोन रंगांच्या उजेडाला एक माप लागू पडत नाही. रंगीत भिंतीची झाकही कापडावर पडते. स्वस्त एलईडी दिव्यात काही रंगांचा उजेड मुळातच कमी असतो, तो कोणत्याही कार्डाने भरून निघत नाही. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आहे का ते पाहावे. नाहीतर खिडकीजवळची, थेट ऊन न येणारी जागा उत्तम.

एवढे करूनही समोरच्याच्या मोबाईलचा पडदा आपल्या हातात नाही, आणि राणीसारखे भडक रंग कॅमेऱ्यात पुरते येत नाहीत. म्हणून मोठ्या ऑर्डरला कापडाचा तुकडा आधी पाठवावा, आणि फोटोखाली रंगाचे नाव स्पष्ट लिहावे.

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. आज आपली रास फोटोत असते. माहीत असूनही खुलून दिसणारा खोटा रंग तसाच पाठवणे म्हणजे ओले धान्य खाली ठेवणेच आहे. कार्ड दाखवायला एक मिनिट लागते. तेवढ्याने रोजी हलाल राहते आणि गिऱ्हाईकही टिकते.